संशोधकांना येऊ द्या, पण हेर म्हणून नको

प्रश्न: मी मुलींच्या एका व्हॉलीबॉल संघाची प्रशिक्षक आहे. एकेकीचा खेळ पाहिला तर आमच्याइतक्या तयारीच्या मुली आमच्या गटातल्या दुसऱ्या कुठल्याच संघात नाहीत. हे मी कौतुकाने नाही, नोंदी बघून सांगते. तरी आम्ही हरतो, आणि हरतो ते सेट हातातोंडाशी आल्यावर. वीस गुणांच्या पुढे गेलो की काहीतरी बिनसतं. साधी सर्व्हिस दोघींच्या मधोमध पडते आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतात. आमची सेटर (स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी) आणि मुख्य स्मॅशर (तो मारणारी) गेल्या हंगामातल्या एका भांडणापासून मैदानाबाहेर एकमेकींशी बोलत नाहीत. संघ एक व्हावा म्हणून मी सहली काढल्या, वाढदिवस साजरे केले, सामन्याआधी जीव तोडून भाषणं केली. सगळ्या हसतात, फोटो काढतात, आणि पुढचा सामना पुन्हा तसाच.

आता एका विद्यापीठातले क्रीडा मानसशास्त्राचे संशोधक आमच्या संघाचा अभ्यास करायचा म्हणतात. विषय आहे सांघिक समन्वय आणि दडपणाखालची कामगिरी. हंगामभर प्रश्नावल्या, सरावाचं चित्रीकरण, काही मुलाखती. मला बरं वाटलं, कारण संघात खोडा नेमकं कोण घालतंय हे एकदाचं कळेल. पण कोणत्या मुलीने काय लिहिलं ते मला दाखवणार नाहीत म्हणे. संघ माझा, मुली माझ्या, मग मला का नाही? मुलीही बिथरल्या आहेत. उत्तरांवरून संघातून काढतील, अशी कुजबुज चालू आहे. परवानगी द्यावी का? आणि त्या दोघींपैकी एकीला बाहेर बसवू का?
– एक प्रशिक्षक

उत्तर: परवानगी द्या. त्या दोघींपैकी कुणालाही या अबोल्यापायी बसवू नका. आणि कोणत्या मुलीने काय लिहिलं हे पाहण्याचा आग्रह आजच सोडा. तुमच्या प्रश्नांची उत्तरं एवढीच आहेत, पण ती नुसती मान्य करून तुमचं भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रात तळमळ आहे. सहली, वाढदिवस, भाषणं हे कुणी उगाच करत नाही. पण ‘खोडा नेमकं कोण घालतंय’ या वाक्यापाशी मी अडले. संघ हरायला लागला की दोषी माणूस शोधावासा वाटतोच. सांघिक खेळांचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती गेल्या शंभरेक वर्षांत जे लागलं आहे, त्यातलं बरंचसं मात्र वेगळीकडे बोट दाखवतं. बिघाड पुष्कळदा कुणा एका खेळाडूत सापडत नाही, तो दोन खेळाडूंच्या मध्ये सापडतो. तुमच्याकडे सर्व्हिस पडते ना, अगदी तिथे.

आधी त्या गुप्ततेविषयी. संशोधक उत्तरं दाखवणार नाहीत म्हणतात, त्यात तुमच्यावर अविश्वास नाही. खेळाडूने मोकळेपणाने सांगितलेली गोष्ट तिच्याच अंगाशी येऊ नये, ही अशा अभ्यासाची मूळ अट असते. पण नियम बाजूला ठेवा आणि व्यवहार बघा. जिची संघातली जागा तुमच्या हातात आहे, ती मुलगी ‘बाकावरून ओरडा सुरू झाला की मी गोंधळते’ असं तुमच्या नजरेखालून जाणाऱ्या कागदावर लिहील का? ती लिहील, सगळं छान आहे. शेजारचीही तेच लिहील. हंगाम संपेल तेव्हा तुमच्या हातात गोडगोड कागदांचा गठ्ठा असेल आणि एका ओळीचाही उपयोग होणार नाही.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांमधल्या परिचारिकांच्या तुकड्यांचा अभ्यास केला होता. ज्या तुकड्यांचं आपसात चांगलं जमतं, तिथे औषधं देण्यातल्या चुका कमी दिसतील अशी अपेक्षा होती. आकडे आले ते उलटे. चांगल्या तुकड्यांमध्ये चुकांची नोंद जास्त. एडमंडसन यांनी त्याचा लावलेला अर्थ पुढे फार महत्त्वाचा ठरला: या तुकड्या चुका जास्त करत नव्हत्या, त्या चुका बोलून दाखवू शकत होत्या. चूक कबूल केली तर आपल्याला कुणी खाऊन टाकणार नाही, एवढा विश्वास तिथे होता. अभ्यास रुग्णालयातला असला तरी तुमच्या मुलींना तो जसाच्या तसा लागू पडतो. तुमच्या संघात ‘तो बॉल माझा होता, मी सोडला’ असं शेवटचं कोण आणि कधी म्हणालं, हे आठवून बघा. लवकर आठवलं नाही, तर संशोधकांची गरज तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे.

आणि प्रश्नावल्यांवरून खेळाडू निवडण्याचा मोह नवा नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात ब्रूस ऑगिल्व्ही आणि टॉमस टट्को या मानसशास्त्रज्ञांनी खेळाडूंचा स्वभाव मोजणारी एक चाचणी तयार केली आणि मोठमोठ्या संघांनी ती हौसेने वापरली. पुढे त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी तिच्यावर सडकून टीका केली, कारण स्वभावाच्या गुणांवरून मैदानावर कोण कसं खेळेल हे भरवशाने सांगता येत नव्हतं. आज या विषयातली जबाबदार माणसं असल्या चाचण्यांवर संघ निवडू नका असंच सांगतात. तुमच्याकडे आलेले संशोधक नावं द्यायला नकार देतात याचा अर्थ त्यांना आपलं काम कळतं.

आता त्या मधोमध पडणाऱ्या सर्व्हिसकडे येते.

मॅक्स रिंगेलमान नावाचे एक फ्रेंच कृषी अभियंता होते. त्यांनी १८८० च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून ओढीचा जोर मोजला. निष्कर्ष छापून आले ते १९१३ मध्ये. एक माणूस जेवढा जोर लावतो त्याच्या आठपट जोर आठ जणांनी मिळून लावायला हवा. प्रत्यक्षात भरला तो त्याच्या जेमतेम निम्मा. माणसं वाढत गेली तसा माणशी जोर घटत गेला.

हे का होतं यावर नंतर बराच खल झाला. दोन शक्यता होत्या. एक म्हणजे सगळ्यांची ओढ एका क्षणी, एका रेषेत येत नाही आणि जोर वाया जातो. दुसरी म्हणजे सोबत माणसं आहेत म्हटल्यावर प्रत्येक जण नकळत हात सैल सोडतो. या दोन्ही वेगळ्या कशा करायच्या? अ‍ॅलन इंगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये एक नामी युक्ती केली. ज्याचा जोर मोजायचा त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि त्याला दोराच्या सगळ्यात पुढच्या जागी उभं केलं. मागे संशोधकांचीच माणसं उभी. ती फक्त ओढल्याचं सोंग करत होती, प्रत्यक्षात दोर एकटाच माणूस ओढत होता. ताळमेळ चुकायला दुसरं कुणी नव्हतंच. तरीही मागे एक-दोन माणसं आहेत असं वाटल्याबरोबर त्याचा जोर कमी झाला.

त्या माणसांमध्ये कामचुकार असा कुणी नव्हता. आपण हात सैल सोडला हे त्यांना स्वतःलाही कळलं नसणार. बिब लाटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि ओरडण्याच्या आवाजावर असेच प्रयोग केले, आणि तिथेही तेच दिसलं. मग त्यांच्यातल्याच काहींनी जलतरणपटूंवर एक अभ्यास केला, तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. रिले शर्यतीत प्रत्येकाची स्वतंत्र वेळ जाहीर केली नाही तेव्हा पोहणारे वैयक्तिक शर्यतीपेक्षा हळू पोहले. जाहीर केली तेव्हा तेच पोहणारे रिलेमध्ये जास्त वेगाने पोहले. पोहणारे तेच, स्पर्धेचा प्रकार तोच, फरक एवढाच की आपली मेहनत कुणाला तरी दिसते आहे.

मला या विषयातला हा सगळ्यात कामाचा धडा वाटतो, म्हणून त्यावर रेंगाळते. तुम्ही नोंदी ठेवता असं लिहिलंय. त्या नोंदींमध्ये काय असतं? माझा अंदाज असा, की गुण, एस (थेट सर्व्हिसवर मिळालेले गुण), ब्लॉक, चुकलेल्या सर्व्हिस. म्हणजे ज्यात बॉलला हात लागला ते सगळं. पण मागच्या रांगेत पाच नंबरच्या जागेवरची मुलगी बॉल घ्यायला निघाली तेव्हा सहा नंबरवरची तिच्या मागे सरकली का, हे कुठे लिहिलंय? स्मॅश ब्लॉकवर आपटून परत आला तर तो उचलायला खाली कोण वाकलेलं होतं? सेट आपल्याकडे येणार नाही हे माहीत असूनही समोरच्या ब्लॉकला फसवायला पूर्ण धाव घेऊन उडी कुणी मारली? असली कामं दोराच्या मागच्या टोकाला असतात. ती कुणी मोजत नाही, म्हणून ती आधी सुटतात, आणि सेटच्या शेवटी पाय जड झाले की हटकून सुटतात.

पुढचा महिनाभर एका राखीव मुलीला वही द्या आणि फक्त ही न दिसणारी कामं मांडायला सांगा. चुका लिहायच्या नाहीत, केलेलं काम लिहायचं. सराव संपल्यावर ते सगळ्यांसमोर नावानिशी वाचून दाखवा. मुली सरकायला लागतील.

दोघींच्या मधली सर्व्हिस मात्र निव्वळ मेहनतीचा प्रश्न नाही. तिथे कुणाची जबाबदारी हेच ठरलेलं नसतं. दोघीही चांगल्या खेळाडू असल्या की उलट जास्त अडचण होते, कारण दोघींनाही वाटतं ती घेईल. यावर भाषणाचा काही उपाय नाही. समोरची सर्व्हिस करायला निघाली की मधल्या पट्ट्यातला बॉल कुणाचा हे तिचा हात बॉलला लागण्याआधी ठरलेलं हवं, आणि दर रोटेशनला, म्हणजे मुलींच्या जागा बदलल्या की, वेगळं ठरलेलं हवं. तुमच्याकडे लिबेरो (फक्त बचावासाठीची खेळाडू) असेल, तर तिला जास्तीचा पट्टा द्या. जिचा बॉल नाही तिलाही काम हवं: तिने तिथेच थांबून बघायचं नाही, वळून मागे जायचं. सरावात काही वेळ फक्त याच पट्ट्यात सर्व्हिस टाका. नियम एकच, बॉल जाळीवर येण्याआधी ‘माझा’ असा आवाज आला पाहिजे. हाक चुकली तरी चालेल, हाक आलीच नाही तर गुण समोरच्यांचा. पहिले काही दिवस दोघी एकदम ‘माझा’ म्हणतील आणि धडकतील. धडकू द्या. गप्प राहण्यापेक्षा ते बरं.

आता सेटर आणि स्मॅशर.

संघातल्या जिव्हाळ्यावर आयुष्यभर काम केलेले कॅनडाचे संशोधक आल्बर्ट कॅरन यांनी त्याचे दोन भाग पाडले. एक कामापुरतं एकत्र असणं: आपल्याला काय साधायचंय आणि कसं, यावर एकमत. दुसरं माणसं म्हणून एकमेकांची सोबत आवडणं. ते मोजायला त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये १८ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तुमच्याकडे येणारे संशोधकही बहुधा तीच किंवा तिच्या वळणाची एखादी वापरतील. कॅरन आणि मंडळींनी २००२ मध्ये खेळातले ४६ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दोन्ही प्रकारच्या जिव्हाळ्याचा कामगिरीशी संबंध दिसला, आणि महिलांच्या संघांत तो अधिक ठळक होता. तेव्हा सहली वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. पण त्याआधी १९९४ मध्ये ब्रायन मलन आणि कॅरोलिन कॉपर यांनी असाच मोठा आढावा घेतला होता, आणि त्यात जिव्हाळ्यामुळे यश येतं त्यापेक्षा यशामुळे जिव्हाळा येतो ही बाजू जास्त वजनदार निघाली. कामाविषयीची बांधिलकी हाच त्यातला खरा जोर. तुम्ही गाडी जोडली ती दुसऱ्या टोकाला. आधी मनं जुळतील, मग खेळ जुळेल, अशी वाट बघत बसलात. आधी खेळ जुळवा. दोन-चार सेट जिंकले की मनांचं बरंचसं काम आपोआप होतं.

आणि पुरतं नाहीच झालं तरी आभाळ कोसळत नाही. हान्स लेंक हे जर्मन तत्त्वज्ञ स्वतः नावाडी होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठ जणांच्या नौकानयनात सुवर्णपदक मिळवणाऱ्या जर्मन संघात ते होते. आठ वल्ह्यांची होडी म्हणजे एकजुटीचं मूर्तिमंत चित्र असं आपल्याला वाटतं. पुढे लेंक यांनी लिहिलं की अशा अव्वल संघांच्या आत तीव्र भांडणं होती, गट होते, आणि तरीही ते जगात पहिले आले. यावरून भांडणं चांगली असतात असा अर्थ काढू नका. अर्थ एवढाच की मैत्री नसतानाही वल्ही एका तालात पडू शकतात, ताल ठरलेला असला तर.

म्हणून त्या दोघींना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावू नका. ते नाटक त्या तुमच्यासाठी करतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जातील. त्यांना बोलायला लावायचं ते बॉलवर. सरावात दहा मिनिटं फक्त या दोघींची ठेवा. सेटर बॉल देईल, स्मॅशर मारेल, आणि दर चेंडूनंतर स्मॅशर एकच गोष्ट सांगेल: उंची, जाळीपासूनचं अंतर किंवा वेग. ‘थोडा उंच’, ‘जाळीला फार चिकटला’, ‘हाच, असाच’. सेटरनेही एकच विचारायचं: पुढचा कुठे हवा? ‘तू नेहमीच असं करतेस’ ही भाषा तिथे बंद, आणि ते पाळलं जाईल हे बघायला तुम्ही शेजारी उभ्या राहा. भांडण का झालं हे उकरू नका, त्या आपणहून बोलल्या तर ऐकून घ्या. एक अपवाद मात्र स्पष्ट सांगते. हा अबोला नसून एक मुलगी दुसरीला चारचौघांत घालून पाडून बोलत असेल, बाकीच्यांना तिच्याविरुद्ध फितवत असेल, तर तो समन्वयाचा प्रश्न राहत नाही. तिथे तुम्ही प्रशिक्षक म्हणून लगेच, एकटीला बोलावून, ठामपणे थांबवायचं.

वीस गुणांनंतर काय बिनसतं त्याविषयी. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात फुटबॉल खेळणाऱ्यांना अडथळ्यांमधून बॉल पायाने पुढे नेताना, बॉलला पायाची कोणती बाजू लागते यावर लक्ष ठेवायला सांगितलं. नवख्यांना त्याचा फायदा झाला. मुरलेल्या खेळाडूंचा सवयीच्या पायाचा खेळ मंदावला. हाताला वळण पडलेली गोष्ट पुन्हा सुटी सुटी करून बघायला गेलं की ती अडखळते. आता सांगा, २३–२३ असताना तुम्ही बाकावरून काय ओरडता? ‘कोपर सरळ!’, ‘गुडघे वाकव!’ असं काही असेल तर तेवढं थांबवा. ते सरावात सांगायचं. त्या क्षणी सांगायचं तर कुठे मारायचं ते सांगा, कसं मारायचं ते नको.

नॉर्वेचे गाइर योर्डेट यांनी फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्टी शूटआउटचा बारकाईने अभ्यास केला आहे. गोल झाला तर सामना खिशात, अशा किकवर सुमारे ९२ टक्के गोल झाले होते. चुकली तर तिथेच हार, अशा किकवर सुमारे ६२ टक्के. अंतर तेच, जाळं तेच. जे खेळाडू गोलरक्षकाकडे बघायचं टाळत होते किंवा शिट्टी वाजताच घाईने धावत सुटत होते, त्यांच्या किक जास्त चुकल्या. व्हॉलीबॉलमध्ये शिट्टीनंतर सर्व्हिस करायला ८ सेकंद मिळतात. तुमच्या मुली वीसच्या पुढे त्यातली किती वापरतात, संशोधकांच्या चित्रीकरणात मोजून बघायला सांगा. मला वाटतं सेट जसा संपत येतो तशी ही वेळ कमी कमी होत जाताना दिसेल. योर्डेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, गोल केल्यावर दोन्ही हात उंचावून, छाती काढून आनंद दाखवणाऱ्या खेळाडूंचे संघ शूटआउट जिंकण्याची शक्यता जास्त दिसली. एकीचा हुरूप दुसरीला लागतो. तेव्हा गुण मिळाल्यावर मुली मधोमध जमून ओरडतात त्याला पोरखेळ समजू नका, आणि गुण गेल्यावरही तेवढ्याच लगबगीने जमायला लावा.

कर्णधाराविषयी तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत, याचंही मला नवल वाटलं. कात्रीन फ्रान्सन यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये नऊ सांघिक खेळांतल्या ४,४५१ जणांना विचारलं, तो अभ्यास २०१४ मध्ये आला. खेळाची दिशा, हुरूप, आपसातले संबंध आणि बाहेरच्यांशी बोलणं अशा चार भूमिकांपैकी एकाही भूमिकेत आपला कर्णधार हा संघाचा मुख्य नेता नाही, असं ४४ टक्क्यांनी सांगितलं. तुमच्या मुली अडचणीत कुणाच्या तोंडाकडे बघतात? कर्णधार नसलेलीच एखादी असेल. तिला ते काम उघडपणे द्या. कदाचित त्या अबोल्यातून वाट काढायलाही तीच तुमच्यापेक्षा उपयोगी पडेल.

आता संशोधकांशी काय ठरवायचं. कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यासाची प्रयोगशाळा काढली. अमेरिकेतली या विषयाची पहिली मोठी सुरुवात ती. पुढे १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकाने त्यांना कामावर घेतलं. ग्रिफिथ यांनी खेळाडूंचं बारीक निरीक्षण केलं, अहवालांमागून अहवाल लिहिले. पण संघाच्या व्यवस्थापकांना हा बाहेरचा माणूस आपल्या कामात लुडबुड करतो असंच वाटत राहिलं आणि बहुतेक सूचना कागदावरच राहिल्या. मालकाने आणलेला, व्यवस्थापकाला नको असलेला, अशा माणसाचं दुसरं काय होणार? तुमच्याकडे तसं होऊ नये म्हणून त्यांच्याशी आधी नीट बसून बोला.

तुमचा प्रश्न त्यांना सांगा, फक्त तो बदलून सांगा. ‘खोडा कोण घालतंय’ ऐवजी ‘वीस गुणांनंतर आमच्या मुलींचं एकमेकींशी बोलणं कमी होतं का, आणि कोणत्या जागांच्या मध्ये’ असं विचारा. हे चित्रीकरणातून मोजता येतं. अख्ख्या संघाचा एकत्रित अहवाल तुम्हाला हंगाम संपायच्या आत मिळेल का ते विचारा. अभ्यास छापून येईपर्यंत थांबायचं ठरलं तर तुमच्या मुली तोवर मोठ्या झालेल्या असतील. संघ लहान आहे, त्यामुळे ‘एका सेटरने असं म्हटलं’ एवढ्यावरूनही मुलगी ओळखू येईल, तेव्हा अहवाल लिहिताना ते कसं टाळणार हेही विचारून घ्या. चित्रीकरण कुणाकडे राहणार, किती दिवस, दुसरीकडे कुठे दाखवणार का, ते लेखी घ्या. कोणी मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तिच्या पालकांची संमती लागेल, आणि शिवाय तिचा स्वतःचाही होकार असायला हवा.

प्रश्नावल्यांची वेळही बघा. डेबोरा फेल्ट्झ आणि कॅथी लर्ग यांनी १९९८ मध्ये आइस हॉकीच्या सहा महाविद्यालयीन संघांचा हंगामभर अभ्यास केला. आपला संघ हे करू शकतो या विश्वासाचा निकालाशी असलेला संबंध प्रत्येकाच्या स्वतःवरच्या विश्वासापेक्षा जास्त होता, आणि तो संघावरचा विश्वास जिंकल्यावर चढत होता, हरल्यावर उतरत होता. म्हणजे हरल्याच्या संध्याकाळी कागद भरून घेतला तर त्यात हारच उतरेल. सरावाच्या साध्या दिवशी घ्या, दर वेळी त्याच वारी घ्या, आणि त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका.

मुलींशी बोलायचं ते संशोधक येण्याआधी, आणि सगळ्यांना एकत्र बसवून. मी एकही उत्तर बघणार नाही, त्यावरून कुणाला घेणार किंवा काढणार नाही, हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या. संशोधकांनाही तिथेच ते पुन्हा सांगायला लावा. ज्या मुलीला भाग घ्यायचा नसेल तिला नाही म्हणता यावं, अर्ध्यातून थांबता यावं, आणि शक्य तिथे ती थांबली हे तुम्हाला कळूही नये अशी सोय करून घ्या. एवढं करूनही एक-दोघी कां-कूं करतील. त्यांच्या मागे लागू नका.

अहवाल आला की तो घरी नेऊन एकटीने वाचू नका. त्यात तुमच्याविषयी काही असण्याची शक्यता दाट आहे, तुमच्या ओरडण्याविषयी किंवा तुम्ही कुणाला किती खेळवता त्याविषयी. संशोधकांना मुलींसमोर तो समजावून सांगायला लावा, तुम्हीही त्यांच्यातच बसा, आणि तुमच्याविषयीचा भाग आला की मुलींआधी तुम्हीच पहिला प्रश्न विचारा.